थावी मावशी, नांतला जाण्याआधी

रेन,
एप्रिलचा पहिला आठवडा

प्रिय थावी मावशी,

किल्ल्या मिळाल्या. संस्थेच्या हॉलची, स्वयंपाकघराची, आणि त्या कोपऱ्यातल्या कपाटाचीसुद्धा, जी तू आजवर कुणाच्या हाती लागू दिली नव्हतीस. मारीव्हॉननं त्या माझ्यासमोर ठेवल्या आणि नाक शिंकरत म्हणाली, "नवं वर्ष झालं की नांतला निघालीय. तिथल्या वृद्धाश्रमात खोली मिळालीय म्हणे. तुला बोलली का काही?" नाही बोललीस. तुझ्या घरापासून माझं घर बसनं पाच मिनिटांवर, आणि ही बातमी मला मारीव्हॉनकडून कळावी! रागावले आहेच मी. पण हे पत्र भांडणाचं नाही, तेव्हा चष्मा लाव, पाय वर घेऊन बस आणि सावकाश वाच.

आधी इकडची खबर. आपल्या ख्मेर नव्या वर्षाच्या तयारीला सगळे लागलेत आणि तू नाहीस म्हटल्यावर सगळ्यांनाच अक्कल फुटलीय. सारुन काका रोज येऊन लाउडस्पीकर तपासतात, म्हणजे स्वतःच गातात. आंबवलेल्या माशांचा प्राहोक किती लागेल यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी इतका आणला की हॉलच्या शेजारच्या बेकरीवाल्यानं विचारलं, तुमच्याकडे कुणाचा मासा मेलाय का. मारीव्हॉन त्याला म्हणाली, "मेलाय, पण आम्ही त्याला वाया जाऊ देत नाही." ती ब्रेतन, म्हणजे इथली फ्रेंच बाई, निवृत्त नर्स, ख्मेर नसून आपल्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त आपली. तुम्ही दोघींनी मिळून ही संस्था चालवली, तू ठरवायचं आणि तिनं धावायचं. आता ती माझ्याकडे बघते, आणि मला काय ठरवायचं ते कळत नाही.

परवा रेल्वे स्टेशनवर गेले होते, तिथे उगाच थांबले थोडा वेळ. आई सांगायची, आपण थायलंडच्या निर्वासितांच्या छावणीतून इथे रेनला पोचलो तेव्हा जानेवारी होता आणि माझ्या पायात रबरी चपला होत्या. फलाटावर तू दोन्ही हातांवर कोट घेऊन उभी होतीस, कपडे विकायला आल्यासारखी. आईला वाटलं तू सरकारी बाई आहेस, म्हणून ती हात जोडून वाकली. तू म्हणालीस, "वाकू नका ताई, मुलीला आधी कोट घाला, नमस्कार नंतर करू." तो कोट मोठ्या बाईचा होता आणि मी त्यात दोन वर्षं वाढले. तू स्वतः आमच्या थोडीच आधी आली होतीस. तुझ्याकडे तरी कुठे काय होतं? पण दर गाडीला तू स्टेशनवर असायचीस, एवढं मात्र सगळ्यांना आठवतं. मी तुला याबद्दल कधी धन्यवाद म्हटले नाहीत. आपल्यात मावशीला कोण धन्यवाद म्हणतं? म्हणून आज लिहून टाकते. मावशी, धन्यवाद. कोटाबद्दल आणि नंतरच्या सगळ्याबद्दल.

आणि डब्यांबद्दल. लॉकडाऊनच्या वेळी मी ब्रेस्टला होते, त्यामुळे मी ते पाहिलं नाही. मला ते मारीव्हॉनकडून कळलं, आणि तिच्या गोष्टीत तू खरी आहेस त्यापेक्षा दुप्पट उंच असतेस. टॉवरमधले आपले म्हातारे एकेका घरात एकेकटे अडकले होते, पॅगोडा बंद, बाजार बंद. तुम्ही दोघी सकाळी डबे करायचात, प्रत्येकाच्या दाराला पिशवी अडकवायचात, घंटी वाजवून पळायचात. मारीव्हॉननं कुणाला मीठ कमी, कुणाला साखर नको, सगळं बघून केलेलं. आठवड्यानं ती मास्क लावून रक्तदाब मोजायला गेली तर सगळे वाळलेले! सारुन काकांचा पट्टा आणखी एक भोक आत गेलेला. विचारावं तर, "जेवलात का?" "हो, हो, छान होतं." शेवटी नवव्या मजल्यावर मोउन आजींच्या गॅलरीत उलगडा झाला. थंडीत गारठलेले डबे, भिंतीला लावून, एकावर एक. तिसऱ्या मजल्यानं आपला डबा पाचव्याला नेऊन दिला होता, पाचव्यानं सातव्याला, आणि सातव्यानं आजींना. वयानं मोठं माणूस जेवल्याशिवाय आपण कसं जेवायचं? आणि आजींच्या वर वयानं कुणीच नव्हतं, म्हणून त्या सगळे डबे पॅगोडा उघडेपर्यंत भंतेंसाठी राखून ठेवत होत्या. स्वतः सुका भात खात होत्या.

मारीव्हॉन ओरडली, "तुम्हा सगळ्यांना वेड लागलंय का?" तू मात्र जिन्यावर बसलीस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मग म्हणालीस, "चूक त्यांची नाही गं. घरात सगळे एका चटईवर बसतात, तेव्हा आजीनं घास घेतलेला दिसतो. इथे दाराआड कुणाला काय दिसणार?" आणि दुसऱ्या दिवसापासून तू ती फोनची रीत लावलीस. आधी मोउन आजी जेवणार, मग त्या त्यांच्यापेक्षा धाकट्याला फोन करून सांगणार, "मी जेवले, आता तू बस." त्यानं जेवून त्याच्या धाकट्याला. असं करत खाली.

त्यात पुन्हा वयावरून जुंपली, कारण छावणीत प्रत्येकानं कागदावर मनाला येईल ते वय लिहिलेलं. सारुन काका कागद नाचवत म्हणे, मी मोठा. मोउन आजी फोनवरून कडाडल्या, "तुझ्या जन्माच्या वेळी मी तुझ्या आईच्या घरी पाणी तापवत होते. आपल्या पंचांगातलं घोड्याचं वर्ष होतं ते. गप बस आणि शेवटी जेव." बिचारे रोज दुपारी तीनला जेवायचे आणि फोनवर सगळ्या वरच्या मजल्यांना शिव्या द्यायचे, "लवकर चावा की जरा, दात नाहीत तर गिळा!" पण सगळे जेवायला लागले.

सारुन काकांच्या आधीचा नंबर माझ्या आईचा. एका दुपारी तिचा फोन आला नाही. काका अर्धा तास वाट बघत बसले, मग त्यांनी तुला लावला. "ताई, ती वरची मोठी ताई आज मला उपाशी मारणार बघ. झोपली वाटतं." तू पुढचं ऐकलंच नाहीस. लिफ्ट बंद होती. तुझे गुडघे तेव्हाही दुखायचे, तरी तू सात मजले चढून गेलीस, शेजारच्या फ्रेंच पोराकरवी दार फोडून घेतलंस, आणि आई न्हाणीघरात पडलेली सापडली. डॉक्टर नंतर मला म्हणाले, संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती तर संपलं होतं. मी ब्रेस्टहून फोनवर रडत होते आणि तू सांगत होतीस, "तिचा डावा हात हलतोय. माझं बोट धरलंय तिनं. तू जेव आधी काहीतरी."

आई त्यानंतर काही वर्षं जगली. मी नवऱ्याला आणि सामानाला घेऊन रेनला आले. रोज संध्याकाळी तिचे केस विंचरले, तिच्याकडून आमटी शिकले, तिच्याशी भांडले. गेल्या ऑक्टोबरात ती तिच्या बिछान्यात, माझा हात हातात घेऊन गेली. ही सगळी वर्षं मला तुझ्यामुळे मिळाली, मावशी. मला याहून मोठं कुणी काही दिलेलं नाही.

आता फेब्रुवारीचं बोलते, जे तू कुणाला बोलू देत नाहीस. तो दुपारचा फोन आजही रोज वरून खाली जातो, लॉकडाऊन संपून किती काळ लोटला तरी. पण त्यात तुझं नाव कधीच नव्हतं. "मी वाढणारी, मी रांगेत कशाला?" म्हणायचीस. म्हणून तू सकाळी तुझ्या घरच्या स्वयंपाकघरात पडलीस आणि तुझ्या फोनची वाट बघणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी भाजी चिरायला तू आली नाहीस तेव्हा कुठे मारीव्हॉन धावली. फरशीवर दिवसभर! तुझं मांडीचं हाड मोडलं होतं आणि तू तिला पहिलं काय विचारलंस, तर आजींचा डबा गेला का.

हॉस्पिटलात आम्ही आळीपाळीनं आलो आणि तू आमचे डबे शेजारच्या खाटांवर वाटून टाकलेस. मी तुझे पाय चेपायला बसले तर पाय ओढून घेतलेस. आणि मारीव्हॉनला म्हणालीस, "पैसे घेऊन परकी माणसं करतील ते चालेल मला. माझ्या माणसांनी माझं करायचं, हे मला सोसणार नाही." तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी फार चिडले. वाटलं, म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय होतो? तू ज्यांची नाकं पुसलीस, ज्यांचे अर्ज भरलेस, ज्यांना दवाखान्यात नेऊन डॉक्टरशी भांडलीस, ती आम्ही माणसं फक्त घेण्याच्या लायकीची? मोउन आजी तर माझ्याहून चिडल्यात. त्यांचा निरोप जसाच्या तसा देते: "त्या पोरीला सांग, माझ्याआधी कुठेही जायची परवानगी मी दिलेली नाही. एवढीशी आहे आणि म्हातारपणाची नाटकं करते."

पण राग ओसरल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. नव्या वर्षाचा तिसरा दिवस, हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, सगळ्यांचे आईवडील, आजीआजोबा बसलेले, आणि त्यांची मुलं मोगऱ्याच्या फुलांचं सुगंधी पाणी त्यांच्या खांद्यांवर, हातांवर ओतताहेत, चुकांची माफी मागताहेत, नवी वस्त्रं नेसवताहेत. आई भिजून थरथरत हसत होती. मला टॉवेल हवा होता म्हणून मी स्वयंपाकघरात धावले. तू दाराकडे पाठ करून मोठं पातेलं घासत होतीस. पातेलं स्वच्छ होतं, मावशी. मला तेव्हाही दिसलं होतं ते. मी टॉवेल न घेताच परत आले. नंतर दर वर्षी मी पाहत आले. पाणी तू गरम करायचीस, फुलं तू घालायचीस, खुर्च्या तू मांडायचीस, आणि पहिला तांब्या उचलला गेला की तू आत. कुणी विचारलं तर, भात लागतोय.

आईनं मला मोठी झाल्यावर सांगितलं तुझ्या दोघांबद्दल, आपल्या देशात ख्मेर रूजची राजवट होती त्या वर्षांत भुकेनं गेलेल्या मुलाबद्दल आणि मुलीबद्दल. मुलगी माझ्याच वयाची झाली असती, थोडी मोठी. तेव्हा मला कळलं, तू आत का जातेस. आणि आता हेही कळलं, परकी माणसं तुला का चालतात. परक्यांनी तुझं केलं तर तुला कुणाची आठवण येणार नाही.

म्हणून हे लिहितेय. तोंडावर बोलले असते तर तू भात लागतोय म्हणून उठली असतीस. येत्या रविवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातील आणि या वर्षी पहिल्यांदाच माझ्या हातातल्या पाण्याला कुणी नाही. गेल्या एप्रिलमध्ये मी आईच्या खांद्यावर पाणी ओतलं, तिचा सुरकुतलेला हात धुतला. आता ती नाही, आणि ते सगळे आपापल्या आईला न्हाऊ घालत असताना मी काय करायचं मला कळत नाही. मला तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन पातेलं घासायचं नाही, मावशी. तुझ्या मुलीची जागा मी मागत नाही, ती तिचीच आहे. तिच्या शेजारी थोडीशी दे. मी दहा वाजता गाडी घेऊन येईन, चाकाची खुर्ची मारीव्हॉन आणतेय, नवं लुगडं मी निवडून ठेवलंय, निळं आहे, तुला आवडणार नाही, तरी नेस. पाणी कोमट असेल. मी माफी मागेन, तू माझ्या डोक्यावर हात ठेव आणि काय द्यायचा तो आशीर्वाद दे. त्यानंतर नांतचा विषय काढ हवं तर, मी ऐकून घेईन. पण तोवर मी तुझी मुलगी झालेली असेन, आणि मग मुलीला न विचारता तुला कुठेही जाता येणार नाही.

तुझीच,
कुंथिआ