हेल्मेटातला स्पंज

प्रिय भिंगरी,

मघापासून तुला फोन लावतेय. तुमचे फोन वर्गाच्या दाराशी जमा करून घेतात, हे आत्ता आठवलं. म्हणून हे पत्र कँटीनच्या मावशींकडे देतेय, चहाच्या सुट्टीत ते तुझ्या हातात पडेल. मावशी म्हणाल्या, "एका आवारात दोघी बहिणी, आणि पत्रं कसली लिहिताय गं?"

उद्या तुझी उड्डाणाची परीक्षा. पास झालीस की बचाव हेलिकॉप्टरची मुख्य वैमानिक. बाबांनी आत्तापासूनच सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय. काल मला म्हणाले, "धाकटी वर आकाशात, आणि तूही आहेसच की तिथे, खाली." त्यांच्या मनात काही नव्हतं गं, पण ते "खाली" अजून टोचतंय.

मला तुझा हेवा वाटतो, आणि तो काही आजचा नाही. आईच्या शिवणाच्या खोलीत मापाला तू उभी राहायचीस, टाचण्या मी धरायचे. आई मला शिकवायची, "घालणाऱ्याला विचारू नकोस नीट बसतंय का. त्याला घाई असते, तो हो म्हणून मोकळा होतो. तू बोट घालून बघ." तोवर तू आरशासमोर गिरक्या घेत असायचीस, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, किती गोड पोरगी! टाचण्या धरणारीला गोड कोण म्हणणार?

आता कापडाऐवजी तुम्हा वैमानिकांची हेल्मेटं हातात असतात, एवढाच फरक. पॅड जाड-पातळ करायचे, मानेमागचा पट्टा ओढून बघायचा, थोडा वेळ घालून ठेवल्यावर कपाळावर लाल वळ उठतो का ते बघायचं. मग मागून धरून हेल्मेट पुढे ढकलायचं. भुवईवर उतरलं, तर पुन्हा पहिल्यापासून. तुझं हेल्मेट मीच बसवलं होतं. तू किती कुरकुरलीस, "ताई, डोकं आहे ते माझं, भोपळा नाही!" आमचे विभागप्रमुख, मास्तर, केवढे हसले होते. तो दिवस मला फार आवडला होता. तुला हालचाल न करता बसावं लागलं होतं, आणि मी सांगेन ते ऐकावं लागलं होतं.

मग तू तो जाड शेपटा कापून टाकलास. हेल्मेट सैल होणार हे मला दिसत होतं. मी वाट बघत राहिले, आज येईल, उद्या येईल. तू आली नाहीस. आणि आज नेहमीच्या तपासणीत अस्तर काढलं, तर टाळूवरच्या पॅडखाली स्पंजाचा तुकडा निघाला! भांडी घासायचा नसेल, पण त्याच कुळातला. कडा कात्रीने वेड्यावाकड्या कापलेल्या. तुझ्या तुकडीतला तो उंच वैमानिक, ज्याच्याबद्दल तू घरी अजून चकार शब्द काढलेला नाहीस, तो मागे मला म्हणाला होता, "तुमच्या बहिणीचं हेल्मेट मी असं बसवून दिलंय, की तुम्हीसुद्धा बघत राहाल." मला ती थट्टा वाटली होती. खरं सांगू? आधी राग आला तो स्पंजाचा नव्हे. तुला त्याचा हात चालला आणि माझा नको झाला, याचा आला.

आपल्या दोघींच्या डोक्याचं माप एकच, आणि माझे केस पहिल्यापासून आखूड. दुसऱ्याचं हेल्मेट घालायचं नसतं, तरी घातलं. स्पंजामुळे ते बोटभर वर बसतं. रात्री बघायच्या दुर्बिणीचं वजन पुढे लावून मान हलवली, तर कड थेट डोळ्यांवर आली. आणि कधी आदळलीस, तर तो स्पंज कागदासारखा चपटा होईल आणि डोकं सरळ कवचावर बसेल. आरशात मी अगदी तुझ्यासारखी दिसत होते, डोळे झाकले जाईपर्यंत.

आणि भिंगरी, मला आनंद झाला. चूक सापडली म्हणून नव्हे, तुझी सापडली म्हणून. लगेच भीती वाटली, की मला दिसतंय ते खरंच आहे, की मला तसं दिसायला हवंय? म्हणून नावाची पट्टी कागदाने झाकली आणि काही न बोलता हेल्मेट मास्तरांपुढे ठेवलं. त्यांनी आत बोटं घातली, तोंड वाकडं केलं. "हे कुणाचं शहाणपण?" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने 'वापरू नये'ची लाल चिठ्ठी बांधली.

लाल चिठ्ठीचं हेल्मेट उद्या सकाळी तुला खिडकीतून मिळणार नाही. नवे पॅड तुझ्या डोक्यावरच बसवावे लागतात, घालून तपासावे लागतात, सकाळी तेवढा वेळ नसेल. आणि परीक्षक पुन्हा येणार ते सहा महिन्यांनी. नियमाने माझं काम संपलं होतं. मी गप्प राहिले असते, तर कुणी, अगदी तूसुद्धा, मला बोल लावू शकलं नसतं. तशी गप्प राहून मी डबा उघडून बसलेही होते, आणि घास छान उतरत होता. त्याचाच धसका घेतला आणि कागद ओढला. तेव्हा परवानगी काढ आणि आत्ताच्या आत्ता इकडे ये. मास्तर दिवे लागेपर्यंत थांबणार आहेत. माझ्याकडून बसवून घ्यायचं नसेल, तर ते बसवतील, मी बाहेर उभी राहीन. उद्या तू उडालीस की मला त्रास होणार आहे, तो माझा मी बघेन. तू ये.

तुझीच, जळकुटी असली तरी तुझीच,
ताई