कुठेतरी पाणी मुरतंय

सोमवार, ३ जून
आजपासून नोंद ठेवणार. पुरावा हवा. उद्या हेच लोक म्हणतील, आम्ही असं बोललोच नव्हतो.

आज माझी एंडोस्कोपी होती. लिव्हर कडक झालंय, त्यामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. त्यांना आतून रबर बँड लावायचे. नाही लावले तर शीर फुटून रक्ताची उलटी होते, हे डॉक्टरने अगदी हवापाणी विचारावं तसं सांगितलं होतं. उपाशीपोटी गेलो. सिस्टर म्हणाली, मशीन बिघडलंय, नवी तारीख फोनवर कळवू. ऐकून जरा बरं वाटलं, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की तेवढ्यात त्याच दारातून एक मफलरवाला तोंड पुसत बाहेर आला. ऐन उकाड्यात मफलर. मशीन बंद, तर हा आत काय हवा खायला गेला होता?

मी बसमध्ये तिकीट चेकर होतो. विनातिकीट माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचो. हिला म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. ही म्हणाली, हो, तुमच्या पोटात. पोटात पाणी साठतं म्हणून माझं मीठ तोडलंय, त्यावरून हा टोमणा.

गुरुवार, ६ जून
डॉक्टर फारच पोरगेला आहे. आज वार विचारला, तारीख विचारली. मी काही कच्चा नाही, दोन्ही बरोबर सांगितलं. मग हात पुढे करून पंजे वर धरायला लावले, बस थांबवताना धरतात तसे. पंजे आपोआप फडफडले. पंख्याचा वारा. त्याने मान हलवली आणि एक गोड सिरप लिहून दिलं, रोज तीनदा. पोट दिवसातून दोन-तीनदा साफ झालंच पाहिजे, नाहीतर पोटातलं विष डोक्यात चढतं म्हणे. कुठे पोट, कुठे डोकं. वाद घातला नाही.

शनिवार, ८ जून
डाव लक्षात आला. सिरप घेतलं की पळावं लागतं. आज तपासणीसाठी रक्त द्यायला गेलो, तर माझं नाव पुकारलं तेव्हा मी नेमका संडासात. बाहेर येतो तो माझ्या जागी मफलर बाही वर करून बसलेला. म्हणजे सिरप पाजून माणसाला रांगेतून उठवायचं आणि वशिल्याचा आत घ्यायचा.

संकल्प: सिरप बंद. हिला कळता कामा नये. खिडकीतल्या मनीप्लँटला घालत जाईन.

मंगळवार, ११ जून
हॉस्पिटलचा फोन. मशीन सुरू झालंय, शुक्रवारी १४ तारखेला या. इतक्या लवकर कसं सुरू झालं? संशयाला जागा आहे.

कुंडीत मुंग्या कुठून आल्या, असं हिने विचारलं. मातीतून, असं सांगितलं. ही माझ्याकडे नुसती बघत राहिली. हिच्यावर लक्ष ठेवायला हवं. हल्ली दिवसा झोप फार येते. रात्री जागा असतो, कारण घरात कोणीतरी जागं असलं पाहिजे.

बुधवार, १२ जून
चष्मा चोरीला गेला. फ्रिजमध्ये सापडला. मी फ्रिजमध्ये चष्मा ठेवणं शक्यच नाही. तिथे मी फक्त पेपर ठेवतो.

मुलगी सासरहून आली. माय-लेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी दिसताच गप्प. मुलीने विचारलं, बाबा, औषध वेळेवर घेता ना? बाटली दाखवली. निम्मी संपलीये.

बुधवार, १२ जून (पुन्हा)
सकाळपासून हिने भुणभुण लावलीये: आज शुक्रवार, उठा, उशीर होतोय. भिंतीवरचं कॅलेंडर दाखवते. कॅलेंडर काय, कोणीही आणून टांगावं. मुलीनेही फोनवर शुक्रवारच सांगितला. दोघींचं संगनमत. चुकीच्या दिवशी नेऊन माझं नाव कापायचा बेत दिसतो. आतून कडी लावून बसलो. ही दाराबाहेर रडल्यासारखा आवाज काढत होती. बधलो नाही.

मग हॉस्पिटलमधून फोन: काका, कुठे आहात, डॉक्टर थांबलेत. मी विचारलं, तुमच्याकडे तिकीट आहे का? फोन ठेवला. असे पुष्कळ पाहिलेत.

शुक्रवार, १४ जून
खरा शुक्रवार आज. हिचा डोळा चुकवून एकटाच गेलो. विभागाला कुलूप. डॉक्टर नाही, सिस्टर नाही, मफलरसुद्धा नाही. वॉचमन म्हणाला, काका, आज रविवार. त्यालाही पढवून ठेवलंय. येताना पाहिलं तर रस्त्यावर शाळेचं एक पोर नाही, बँकेचं शटर खाली. माझ्या एकट्यासाठी एवढा बंदोबस्त. मनातून जरा अभिमानच वाटला.

३१ जून. सकाळ. अंधार
ड्यूटीवर. स्टॉपवर गर्दी. तिकीट कोणाकडेच नाही. मफलर सापडला. तिकीट मागितलं तर माझा हात धरतो. ओळख काढतो. चालणार नाही. चप्पल कुठे गेली. हिला विचारतो. ही कुठाय.

शनिवार, २२ जून
वॉर्डातून. मागची पानं वाचली. अक्षर माझंच आहे, नाकारता येत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी पायजम्यावर, अनवाणी, बसस्टॉपवर तिकिटं तपासत होतो म्हणे. दोघांनी दाखवलीसुद्धा. मफलरने ओळखलं आणि टॅक्सीत घालून इथे आणलं. मग नळीवाटे सिरपच सिरप. मफलर स्वतःही आता दाखल आहे, शेजारच्याच खाटेवर. त्याची शीर दोनदा फुटलीये, म्हणून त्याला सगळीकडे आधी घेतात. मशीन दोन होती, एक तातडीच्या पेशंटांसाठी. रक्त गेल्यापासून त्याला सतत थंडी वाजते. मफलरचं कोडं सुटलं. दोनदा फुटली हे ऐकल्यापासून मात्र मला भीती वाटते. साधी नाही, चांगलीच.

मुंग्यांचंही उघड झालं. हिने चिडायला हवं होतं, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "झाड गेलं माझं. तुम्हाला नाही जाऊ देणार."

सकाळी राउंडला डॉक्टर आला. त्याला म्हटलं, आता आणखी किती तंगवणार? तो खाटेवर टेकला आणि म्हणाला, "मशीन कधीच सुरू झालंय, काका. आम्ही तुमचे हात आणि डोकं थाऱ्यावर यायची वाट बघतोय."

हात पुढे केले. पंजे वर. फडफडले नाहीत. पंखा फुल स्पीडवर होता. आज बँड लागणारच, अशी खात्री झाली. मग तारीख विचारली. शनिवार, २२ जून, असं मी खणखणीत सांगितलं. डॉक्टरने माझ्या मांडीवरची उघडी वही पाहिली. वरची तारीख सकाळी हिने घालून दिली होती. त्याने वही मिटली आणि विचारलं, बरं, मग उद्या कोणता वार?

मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती, पदर मुठीत धरून. मफलरने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं, ऐकू आलं नाही.

मी म्हणालो, बुधवार.

एंडोस्कोपी पुढे ढकलली. कोणावर संशय घ्यावा ते सुचत नाहीये. आज विनातिकीट मीच सापडलो. ही झाकणभर सिरप घेऊन समोर उभी आहे. दंड जागेवर भरला.