बुखाऱ्याहून फोन

११ सप्टेंबर

चेतन पोचला! बुखारा. नावातच बुखार — म्हटलं, तिथल्या लोकांना सांग आधी गावाचं नाव बदला! तिकडून खो खो हसला. आमच्या घरातलं पहिलं माणूस विमानात बसलं. मी गल्लीत सगळ्यांना सांगून आले, शेजारच्या छायाला दोनदा. इथे पलसाण्याच्या कापडाच्या डाईंगमध्ये सहा वर्षं रंग घोटला पोराने, आता तिथल्या मिलमध्ये कलर मास्टर. माझा नातू मास्टर!

हिलाल बाप असून तोंड पाडून बसलाय. "इतक्या लांब कशाला? कापड इथं कमी आहे का?" मीच त्याला दटावलं होतं, जाऊ दे पोराला. उषा फोन उशाशी घेऊन झोपते. आईचं मन, दुसरं काय.

१५ सप्टेंबर

सोनालीने आज नकाशा उघडला. चेतनची बहीण, बारावीला आहे. पाच देश, सगळ्यांच्या शेवटी स्तान. चेतनचा तो उझबेकिस्तान. त्याला समुद्र नाही, शेजाऱ्यांनाही नाही! दोन देश ओलांडावे तेव्हा कुठे मोठा समुद्र लागतो. आणि दर्या म्हणजे तिथे नदी. अमू दर्या, सिर दर्या. म्हटलं, ज्यांनी समुद्र पाहिला नाही ते नदीलाच दर्या म्हणणार.

सोनाली म्हणते, पूर्वी इकडचं कापड उंटावर लादून तिकडे जायचं, तिकडून घोडे यायचे. बघा! कापड गेलं, आता कापड रंगवणारा गेला.

चेतन रोज एक शब्द सांगतो. सबजी म्हणजे गाजर. पख्ता म्हणजे कापूस. योक म्हणजे नाही. दिवसभर घरात माझं योक योक चालू. उषा म्हणाली, "आई, भाजीवाल्याला तरी योक म्हणू नका." तोवर म्हणून झालं होतं.

२३ सप्टेंबर

आज मन खट्टू झालं.

मिलच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला गुलनोरा म्हणून बाई आहे, माझ्याच वयाची. तिचं माहेर उत्तरेला, अरल समुद्रावर. म्हणजे होता समुद्र. बाप मासे धरायचा. मग रशियाच्या राज्यात दोन्ही नद्यांचं पाणी कापसाला वळवलं आणि समुद्र आटला. अख्खा! चेतनने फोटो पाठवला — वाळूत बोटी उभ्या. गंजलेल्या. सावलीला एक गाय बसलेली. कोळी कुठे कुठे पांगले. वारा सुटला की मीठ आणि कापसावर फवारलेल्या औषधांची धूळ उडते, माणसं खोकून खोकून जातात. हिचे दोन भाऊ तसेच गेले.

शाळा बंद करून पोरांना कापूस वेचायला न्यायचे म्हणे, मास्तरांसकट. ते आत्ता आत्ता थांबलं.

मीही वेचलाय, गावी पारोळ्याकडे. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटायची. पण आमचा कापूस कुणाचा समुद्र नाही प्याला. विहीर मात्र प्याला, ते खरं.

आणि तिथे कोरियाची माणसं पण! रशियाच्या राजाने आगगाडीत भरून आणली आणि माळावर सोडून दिली. किती तर वाटेतच मेली. उरलेल्यांची नातवंडं-पतवंडं आता बाजारात लोणचं विकतात. ताजिक, कझाक, तातार, सगळे एका गल्लीत. चेतन मला म्हणतो, "माय, अगदी आपली बमरोली शे." इथे आमच्या गल्लीत आपले खानदेशी, ते ओडिशावाले, ते यूपीवाले, सगळे मिलच्या कामाला. कोणी हौसेने आलं नाही इथे.

४ ऑक्टोबर

चेतन गुलनोराला मराठी शिकवतोय. ती फोनात म्हणाली, "ज्येवला का?" मी हसून हसून खाली बसले. हल्ली पोराला दुहेरी पाळी, फोन आठवड्याने येतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मजाच! उषा बाजारात गेली होती, फोन घरी चार्जिंगला. वाजला. चेतनचं नाव, पण बोलत होती गुलनोरा. "बोला! बोला कसाल!" म्हटलं, वा! बोला, कसं हाल! पोराने मराठी शिकवलीच. मी सांगितलं, मी बरी, गुडघा तेवढा दुखतो. ती पुन्हा, "बोला, बोला!" मग काय, मला कोणी बोला म्हणायचा अवकाश! छायाच्या सुनेचं सांगितलं, दिवाळीच्या चकल्यांचं सांगितलं. चेतन कुठंय विचारलं तर "योक, योक." म्हणजे नाही, पाळीवर गेला असेल. शेवटी बिचारी रडायलाच लागली. तिला भाऊ आठवले असतील. मी म्हटलं, रडू नका बाई, आम्ही आहोत. आणि ठेवला.

उषाला सांगितलं. हसली. "तिलाही सोडलं नाही तुम्ही."

१५ ऑक्टोबर

चेतन गेला. आज पहाटे. आतडं फुटलं.

१८ ऑक्टोबर

पेटी यायची आहे. कागद होत नाहीत.

मिलमधला हिंदी बोलणारा दुभाष्या सुट्टीवर होता, मालक ताशकंदला. शनिवारपासून पोर पोट धरून पडलं होतं. गेटवाल्याने गाडी दिली नाही. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस आधी आणला असता तर वाचला असता.

हिलाल भिंतीवर डोकं आपटतो. "एवढं दुखत होतं तर एक फोन नाही केला! बापाला एक फोन नाही!"

दुभाष्याने सोनालीला सांगितलं, गुलनोरा दारात बसून एकच घोकते, बोला कसाल, बोला कसाल. अर्थ विचारायच्या आत फोन कटला, मग सोनालीने मोबाईलमध्ये पाहिला. मोठ्याने वाचला.

बोला म्हणजे मूल. कसाल म्हणजे आजारी.

उषा परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा मळायला लागली.

२१ ऑक्टोबर

गल्लीत दिवे. आमच्या दाराशी नाही.

२३ ऑक्टोबर

काल आणला. चेहरा पाहू दिला नाही. हिलाल अजून तेच म्हणतो, एक फोन नाही केला. मेलेल्या पोरावर रागावतो. मी दोनदा उठले सांगायला. दोनदा पाणी पिऊन परत बसले.

२७ ऑक्टोबर

दुभाष्याचा फोन. हिलालला म्हणाला, रविवारी बाईने तुमच्याकडे लावला होता, कोणीतरी खूप वेळ बोललं.

हिलालने आमच्या दोघींकडे पाहिलं. "कोणी उचलला?"

उषा म्हणाली, "मी. माझाच फोन आहे. माले समजनं नाही."

मी पाणी पिऊन परत बसले.