ह्यांना विचारा, म्हणजे नक्की कोणाला?

चि. रुपेश यास,

तळेघरहून रत्नाताईचा सप्रेम जय भीम. आईचा गुडघा तिकडे माहेरी पेठला दुखतो आणि माझं डोकं इथं, बाकी सगळं खुशाल. तुझी तब्येत मीटिंगांमधून सवड काढून बरी असेल, असं धरून चालते. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्र कट करता येत नाही.

तू दिवाळीला आमच्या दुकानात ते चपटं मशीन बसवून गेलास, त्याची चित्तरकथा ऐक. कल्पना लाखात एक, त्यात वाद नाही. घोडेगावहून एसटी हलली की हौशीराम कंडक्टरनं मोबाईलवर बटण दाबायचं, निरोप इंटरनेटवर जायचा, आपल्या मशीननं तो उचलायचा आणि छपरावरच्या भोंग्यानं ओरडायचं, 'गाडी निघाली!' मग वरच्या वाडीतल्या माणसांनी उतरायला लागायचं. (आत्ता काय होतं, तर माणूस धापा टाकत उतरतो आणि गाडीची धूळ बघून परत चढतो.) सगळ्यात जास्त आस लावून बसलेली साळुबाई. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात ठरलंय आणि गाडी चुकल्यामुळं आधीची तारीख हुकलीय. आता येत्या गुरुवारची मिळालीय. म्हातारीला गाडी लांबून दिसत नाही, पण कान तिखट आहेत. त्यामुळं सगळा भरवसा भोंग्यावर.

आणि भोंगा मुका! तुझ्या पुण्याच्या टेबलावर पोपटासारखा बोलत होता ना? इथं आला आणि रुसला. मशीनवर बातम्या उघडतात, हवामान उघडतं, ह्यांना आवडतात त्या कुस्त्यांच्या दंगलीसुद्धा उघडतात. फक्त तुझा तो प्रोग्राम, जो तू डब्यात घालून दिलाय म्हणालास (कंटेनर म्हणे, मी आधी खरंच डबा शोधला, पार साखरेच्या पोत्यामागं), तो एकच पालुपद लावून बसलेला, की नाव सापडत नाही. ह्यांना वाटलं मशीनला इथली थंडी बाधली. गोधडी घातली. ते तापलं. मग पंखा लावला. जळ्ळं मेलं ते मशीन, असं मी चारचौघांत म्हणून बसले.

शेवटी तुझ्या स्नेहाला फोन लावला. (उचलला हो तिनं! शिक जरा बायकोकडून.) ती म्हणाली, ताई, इंटरनेटवर कुठंही जायचं तर आधी नाव सांगून पत्ता विचारावा लागतो. कोणाला विचारायचं ते मशीनच्या सेटिंगमध्ये असतं, आणि डबा सुरू होताना तिथलंच बघून स्वतःचं ठरवतो. आपल्या मशीनमध्ये लिहिलंय 'घरातच विचार', कारण मशीनच्या पोटात तसा सांगणारा बसलाय. पण डब्याचं घर वेगळं, त्यात कोण बसलंय? मला ओ की ठो कळेना. म्हटलं, बाई, मराठीत सांग. ती म्हणाली, मराठीतच सांगतेय.

एवढ्यात साळुबाईची सून इंद्रायणी तणतणत आली. गुरुवारची गाडीच बंद हाय म्हणं, आत्याबाईंनी बांधलेलं गाठोडं सोडलं! मी चाट. काल साळुबाईला मीच सांगितलं होतं, की गाडीचं ह्यांना विचारा. हे रोज दूध घेऊन घोडेगावला जातात, ह्यांना पक्कं ठाऊक असतं. साळुबाईनं घरी जाऊन सुनेला सांगितलं, "रत्ना म्हनली, ह्यांना विचार." आणि सुनेनं विचारलं तिच्या ह्यांना! गेणभाऊंना! ज्यांनी एसटीत बूड टेकून जमाना झाला, त्यांना! आणि ठाऊक नाही म्हणतील तर ते गेणभाऊ कसले? दिलं ठोकून, की शिमग्यापातुर गाडी बंद.

रुपेश, तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अरे, तुझ्या डब्याची तर इंद्रायणी झालीय! फोन चालूच होता, तिकडं स्नेहा हसून हसून बेजार. म्हणाली, अगदी हेच. फक्त डब्याचं सॉफ्टवेअर थोडं शहाणं, 'घरातच विचार' दिसलं की ते टाकून देतं आणि परगावच्या एका जगजाहीर जाणत्याचा पत्ता आपणच लावतं. पण आमच्या इंटरनेटच्या लाईनवाल्यानं परगावच्यांना विचारायला बंदी घातलीय. म्हणजे घरचा नाही आणि बाहेरचा नाही, डबा बिचारा अधांतरी. मग लाईनवाल्याचा जो स्वतःचा सांगणारा आहे, त्याचा आकड्यांचा खरा पत्ता आम्ही डब्याच्या सेटिंगमध्ये स्पष्ट घातला. ती सांगत गेली, मी टाइप केलं, डबा बंद करून परत चालू केला.

आणि भोंगा बोलला! बोलला म्हणजे काय राव, इतक्या दिवसांच्या तुंबलेल्या सगळ्या गाड्या एका दमात निघाल्या. ह्यांच्या हातातली कपबशी गेली. अर्धी वाडी धावत खाली आली, साळुबाई सगळ्यात पुढं, गाठोडं परत बांधून काखेत. गाडी काही नव्हतीच. मी हात जोडले तर ती म्हणाली, "आवाज येतोय नव्हं? मंग झालं. बेस्तरवारी बी येईल." मला लई भरून आलं. सगळ्यांना चहा पाजला.

तेव्हा मशीनला मी जे बोलले ते मागं घेते. तुला बोलले ते राहू दे. आईला फोन कर.

तुझी,
रत्नाताई

ता. क. आता पत्राचं खरं कारण. गुरुवारी साळुबाई आणि इंद्रायणी वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरतील. मीटिंग असो नाहीतर काहीही असो, तू तिथं हजर पाहिजेस. दवाखान्यात ने, आणि पट्टी सुटेपर्यंत दोघी तुझ्याकडं राहतील. स्नेहा हो म्हणालीय. 'आमच्या भावाला विचारा' असं मी मुळीच सांगितलं नाही, कारण इंद्रायणीचाही एक भाऊ पिंपरीत आहे. तुझं नाव, आडनाव, गल्ली, मजला, सगळं दोघींकडून घोकून घेतलंय.

ता. क. पत्र ह्यांना वाचायला दिलं. म्हणतात, गावाला शहाणपण शिकवलंस आणि स्वतः पानभर 'हे' नि 'ह्यांना'. वाचणाऱ्यानं कोणाला समजायचं? बरोबर आहे. तर लिहिते: भागुजी. उखाण्याशिवाय पहिल्यांदाच. पत्र पोस्टात पडायला उशीर होईल; ते कागद हातातून सोडत नाहीयेत.