यमुनाच्या वाटची भाकर

मंगळवार, मार्गशीर्ष. दिवेलागण.

सूनबाई, सांगते तसं लिही. गाळू नको काही. मले वाचता येत नसलं तरी तुह्या तोंडावरून कळते.

आज नातू दिगंबर मले जळगाव जामोदच्या वर, डोंगरातल्या तळ्यावर घेऊन गेला. त्याले अशा तळ्यांचे फोटो काढायचं याड आहे. माही धाकटी बहीण यमुना पोरवयात त्याच तळ्यात बुडाली. तवापासून आमच्या घरचं कोणी तिथं गेलं, की पाण्याकडं पाठ करून तिच्या वाटचा भाकरीचा तुकडा टाकते. पाण्यात पाहत नाही. मीही तसाच टाकला.

"आजी, पाण्यात पाहा न जराशी. फोटो गोड येईन."

"गोड यायले मी काय गुळाची भेली आहे काय बे?"

पण पाह्यलं. वारा नव्हता. सारा डोंगर पाण्यात उलटा निजला होता. इतकं सुंदर, इतकं शांत, की भ्यायचंच विसरली. अन् त्यात यमुना दिसली. आम्ही दोघी दिसायले सारख्या, मायही फसायची. पण ही यमुना म्हातारी, सुरकुतलेली. मी आजवर तिले पोरगीच समजून राह्यली. माह्यासंगं तीही पिकली असंन, हे कसं सुचलं नाही?

फोटो धुऊन येईन तवा त्यात कोण असंन, मी का ती? दिगंबरले विचारलं नाही. हसला असता.

तो तुकडा मात्र डोक्यातून जात नाही. शिळा होता, कडक. पुढच्या खेपेले दुधात कुस्करून नेईन. दात तिचेही पडले असतीन.