किती किताब?

बाबा, ते तुर्की पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. परत दे म्हणून तुम्ही दोनदा बजावलं होतंत, आणि तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं होतील. का दिलं नाही ते मलाच धड कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही हॅनोव्हरला आलात त्याच उन्हाळ्यात आमच्या खालच्या तुर्की भाजीवाल्याच्या लाडक्या इस्तंबूलच्या फुटबॉल क्लबाने युरोपातला मोठा कप जिंकला. मी दिवसभर ऑफिसात, तुम्ही त्याच्या दुकानातल्या स्टुलावर. दुनिया, हवा, हप्ता हे आपले शब्द त्यालाही कळतात हे समजल्यावर तर तुमची कळीच खुलली होती. त्या दिवशी तो पेढे वाटावेत तसा बाकलावा वाटत होता. तुम्ही सांगलीच्या कुस्त्या बघत वाढलेले, पैलवान केवढा ते त्याच्या किताबांवरून ठरवणारे. तुम्ही विचारलंत, "किताब? किती किताब?" त्याच्या भाषेत किताब म्हणजे नुसतं पुस्तक. तो आत गेला आणि क्लबाचा जाडजूड इतिहास घेऊन आला, त्याच्या वडिलांनी जपलेला.

संध्याकाळी मी घरी येते तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्ही चष्मा लावून वाचताय. भाषा कळत नाही, आकडे कळतात. फोटोतला कप बघायचा, साल बघायचं आणि पाठकोऱ्या कागदावर टिपायचं: लीग, कप, परत लीग. मी चिडले. म्हटलं, त्याला तुमचा प्रश्नच कळला नाही, सरळ सांगा आणि परत द्या, लोक हसतील. खरं तर ऑफिसात माझ्या जर्मनला हसत होते, तो राग तुमच्यावर निघाला. तुम्ही शांतपणे पान उलटलंत.

"अगं, इतक्या विश्वासाने दिलंय. चुकून दिलं असं कळलं तर खजील होईल तो. वाचतो आणि देतो."

पुस्तक निम्म्यावर असताना तुमचा व्हिसा संपला आणि ते माझ्याकडे सोपवून तुम्ही सांगलीला परतलात. दिवाळीच्या आधी तिथेच तुम्ही आम्हाला सोडून गेलात. सांगलीहून परत आल्यावर मी भाजी घ्यायला गेले तर त्याने विचारलं, "बाबा लीस्ट नॉख?" बाबा अजून वाचतायत का. त्यांच्याकडेही वडिलांना बाबाच म्हणतात, आणि तो शब्द त्याच्या तोंडून ऐकून माझा धीरच सुटला. मी म्हटलं, "या, नॉख." हो, अजून.

तेव्हापासून तो विचारतो आणि मी हो म्हणते. तुम्ही गप्प राहिलात ते त्याचा मान राखायला. मी कुणाचा राखते आहे? की नुसतीच घाबरते? कधी वाटतं, तुम्ही आता नाही हे त्याला केव्हाच कळलंय आणि तोच माझा मान राखतोय.

यंदा त्याचा क्लब पुन्हा लीग जिंकला. तुम्ही गेल्यानंतरची ही तिसरी. तिन्ही सालं मी तुमच्या कागदावर, तुमच्या शेवटच्या ओळीखाली लिहिली आहेत. हे पत्रही त्याच पुस्तकात ठेवते. बाकलाव्याचे दोन तुकडे त्याने बांधून दिले होते, एक खास बाबांसाठी म्हणून. बाबा, दोन्ही मीच खाल्ले.