जांभूळदऱ्याच्या मधून गेलेला बंदराचा रस्ता

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बंदर जोडरस्ता कक्ष, धुळे.

अर्जदार : श्रीमती केसरबाई देवचंद बैसाणे, वय ६८, रा. जांभूळदरे, ता. शिरपूर.

विषय : पायी रस्ता ओलांडण्यासाठी भुयारी मार्ग मिळणेबाबत (अर्ज सातवा).
संदर्भ : आपले पत्र दि. ३ जून २०२४, "गरज आढळून येत नाही."

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचा या रस्त्याला विरोध नव्हता व नाही. अर्जदाराचे पती देवचंद बैसाणे शिरपूरच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षे कापसाच्या गाठी बांधत होते. जुन्या रस्त्याने गाठी बंदरावर पोचायला तीन दिवस लागत, पावसाळ्यात माल वाटेतच भिजे. म्हणून मोठा रस्ता होणार म्हटल्यावर आपली तीस गुंठे जमीन त्यांनी पहिल्याच नोटिशीला लिहून दिली. आता गाठी दुसऱ्या दिवशी बंदरात असतात. केळीही याच वाटेने जहाजात चढतात. तिकडे नवीन गोदामे उभी राहिली, गावची पाच पोरे तिथे कामाला लागली. बंदराचे शहर या रस्त्याने वाढले, हे अर्जदार मनापासून मान्य करते.

मात्र गाव एका अंगाला आणि शाळा व स्मशानभूमी दुसऱ्या अंगाला राहिली. दुभाजकात ठेवलेली वाट गेल्या वर्षी बंद झाली. दारातून दिसणाऱ्या स्मशानभूमीत जायला आता वळणावरून फिरून अकरा किलोमीटर पडतात.

दि. १२ फेब्रुवारी रोजी पती वारले. तिरडी टेम्पोत घालून फिरवून न्यावी असे ठरत होते, पण अर्जदाराचे मन होईना. माणसे खांद्यावर तिरडी घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली. पाऊण तास कंटेनर जात राहिले. अखेर गावचाच ड्रायव्हर धनसिंग बंदराकडे निघाला होता, त्याने आपली गाडी रस्त्यात आडवी लावली व खाली उतरून म्हणाला, "अक्का, आते बठ्ठा थांबतीन. नानाले लई जा." (आता सगळे थांबतील, नानांना, म्हणजे अर्जदाराच्या पतींना, घेऊन जा.)

निम्मा रस्ता पार झाला. पलीकडच्या बाजूला कोणी थांबेना. तिरडी दुभाजकावर टेकवून माणसे उभी राहिली. गाड्यांच्या वाऱ्याने चादर उडत होती, ती अर्जदाराने दोन्ही हातांनी दाबून धरली. बेचाळीस वर्षांच्या संसाराचा निरोप अर्जदाराने असा घेतला. वाहतूक अडवली म्हणून मालकाने धनसिंगला कामावरून काढले. तो आजही घरी आहे.

मे महिन्यात आपले दोन कर्मचारी मोजणीला आले. शाळेला सुटी होती. दोन तासांत पायी ओलांडणारे : शून्य. त्यांपैकी भूषण नावाच्या साहेबांनी विचारले, "आजी, इथून कोणी जात नाही ना?"

अर्जदार म्हणाली, "साहेब, नदीला पूर आला की ओलांडायच्या उतारावर कोणी दिसत नाही. म्हणून काय पलीकडे कोणाला जायचं नसतं?"

पण कागदावर शून्यच राहिले, आणि त्यावरच संदर्भीय पत्र निघाले. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा गावातल्या चार मुलींना घरच्यांनी पाठवलेच नाही.

अर्जदार आता थकली आहे. आठवा अर्ज तिच्याने होणार नाही. तरी विनंती की, धनसिंगचा त्यात दोष नव्हता असे पत्र त्याच्या मालकास द्यावे आणि फेरमोजणी सोमवार, दि. २२ जुलै रोजी ठेवावी. त्या दिवशी सकाळी दहा वाजता अर्जदार पायी रस्ता ओलांडणार आहे. गुडघे धरलेले असल्याने वेळ लागेल. आपल्या माणसांना लिहायला एक आकडा मिळेल.

आपल्या माणसांची वाट पाहणारी,
केसरबाई देवचंद बैसाणे (डाव्या हाताचा अंगठा)
जांभूळदरे, दि. १६ जुलै २०२४

सांगितल्याप्रमाणे लिहून वाचून दाखवले : दिपमाला बैसाणे (नात)

सोबत : १) पतीचा मृत्यूचा दाखला. २) आधीच्या सहा अर्जांच्या पोचपावत्या. ३) चार मुलींची नावे व इयत्ता.